आयटीआयचा रस्ता फक्त ‘ढ’ पोरांनाच का दाखवायचा?

खडूवाली:
दहावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षक खोलीत वाटणी ठरलेली. ऐंशीच्या वर सायन्स, साठ-सत्तरवाले कॉमर्स, आणि पस्तिशीत अडकलेला कुणी दिसला की “याला आयटीआयला टाका.” टाका! अडगळच जणू. यंदा वर्गातल्या एकीने प्रयोगशाळेचा बंद पंखा उघडून कपॅसिटर बदलला. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. घरचे म्हणतात, “नव्वद टक्क्यांवर पाणी सोडायचं का?” आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे एका व्यवसायाचा अभ्यासक्रम, केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे ना त्यांना ठाऊक, ना आमच्या निम्म्या स्टाफला. नववीतच अख्खा वर्ग आयटीआय बघून यायला हवा, अगदी पहिल्या बाकासकट.

तिरकस:
बाई, तुमचं पोरगं कुठल्या शाखेला? कष्टाच्या प्रतिष्ठेचं प्रवचन कायम दुसऱ्याच्या मुलांपुढे होतं. १९५३ साली मद्रासमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं, जातीच्या धंद्याचंच शिक्षण, म्हणून लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. माझ्या वडिलांच्या हातात रंधा येऊ नये म्हणून आजोबांनी म्हैस विकली होती. नातवाच्या हातात तो परत कुणी द्यायचा?

खडूवाली:
सायन्सला. लागला टोमणा. पण म्हणूनच तर अख्खा वर्ग म्हणतेय, निवडक पोरं नाही.

भोसरी_फिटर:
दोघंही वर्कशॉपच्या दाराबाहेर उभे राहून बोलताय. मी पहिले काही महिने लोखंडी ठोकळ्यावर नुसती फाइल, म्हणजे कानस, मारली. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, उजेडाकडे धरायचं, फट दिसली की पुन्हा घास. तळहाताला फोड यायचे. तेव्हा बसलेल्या हातावर आजही घर चालतंय, त्यामुळे कामाला नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची तर कंत्राटाला. अप्रेंटिस म्हणून वर्षभर लाइनवर पुऱ्या कामगाराएवढं राबवलं, मग हातात सर्टिफिकेट आणि दारात पुढची बॅच. १९६१चा अप्रेंटिस कायदा शिकवायला लावतो, नंतर नोकरीवर ठेवायलाच हवं असं म्हणत नाही. हे सांगता का मुलांना?

पाबळवारी:
पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, खाद्यपदार्थ सगळंच थोडं थोडं करतात. जन्माचा ट्रेड निवडायची घाई नाही.

तिरकस:
शहरातल्या महागड्या शाळांतही वेल्डिंग होणार असेल तर माझी हरकत मागे. होणारे का?

भोसरी_फिटर:
ते होईल तेव्हा होईल. खडूवाली ताई, शनिवारी आमचं शॉप चालू असतं, मालकाला मी विचारतो. पोरांना बूट घालून आणा, चपलेला आत सोडत नाहीत. आणि त्या पंखेवालीच्या आईवडिलांना घेऊन या, प्रवेश फेऱ्या संपायच्या आत.