शाळेने एफएमचा परवाना सांभाळावा का?

उत्तरध्रुव
अमेरिकेतल्या सिएटलच्या नेथन हेल हायस्कूलमधलं रेडिओ केंद्र, केएनएचसी ८९.५, १९७१ साली सुरू झालं. आज ते ८,५०० वॅटवर चालतं. परवाना तिथल्या सार्वजनिक शाळांचा, जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांचा मोठा आधार. कामावर जाताना महामार्ग ५२० च्या पुलावर मी हेच लावतो, डान्स म्युझिक असतं. परवा मित्रांत वाद झाला की मोबाइलवर पॉडकास्ट होत असताना शाळेने ट्रान्समीटर कशाला पोसायचा?

मी म्हणतो, पोसावाच. पॉडकास्टमधली चूक कापता येते. इथे सोळा वर्षांचं पोर थेट बोलतं, शब्द सुटला की शहरभर जातो. दर तासाला केंद्राचं नाव आणि गाव सांगायचं. प्रायोजकाचं नाव घ्यायचं, पण जाहिरात होऊ नये म्हणून भाव सांगायचा नाही, 'या, घ्या' म्हणायचं नाही. हे वहीतून शिकवता येत नाही.

कोरा_कागद
सहमत नाही. देणग्यांवर चालायचं म्हणजे श्रोते टिकवायचे, आणि त्यासाठी माइकसमोर अनुभवी माणूसच बसवावा लागतो. मग मुलांच्या वाट्याला काय उरतं? माझ्या मुलाच्या शाळेतल्या (नाव नको) रेडिओ क्लबमध्ये त्याला वर्षभरात तीनदा माइक मिळाला. बाकी वेळ केबल गुंडाळल्या. पाच-सहा रेकॉर्डर घेऊन दिले असते तर दर आठवड्याला बोलला असता.

उत्तरध्रुव
मुलाचं वाईट वाटलं, खरंच. पण तो दोष वेळापत्रकाचा आहे. पोर्टलंडच्या बेन्सन पॉलिटेक्निकमध्ये तर १९२३ साली विद्यार्थी संघानेच केंद्र विकत घेतलं, तेच आजचं केबीपीएस. मुलांचा हक्क तिथे पहिल्या दिवसापासून होता.

आणि परवाना एकदा सोडला की गेला. अमेरिकेत अव्यावसायिक एफएमच्या नव्या परवान्यांसाठी अर्ज २००७ मध्ये घेतले, मग २०१० मध्ये, त्यानंतर थेट २०२१ मध्ये. मोठ्या शहरात तर मोकळी फ्रिक्वेन्सीच सापडत नाही.

माणदेशी_वारा
हा मुद्दा आपल्याकडून बघा. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. तरी शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची (स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या, बिनव्यापारी केंद्रांची) दारं उघडली २००२ मध्ये, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम २००४ मध्ये सुरू झालं. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला अजून बंदीच, आकाशवाणीच्याच द्यायच्या. आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग हे असंच केंद्र आहे. बाजारात, शेतात आपल्या बोलीतला आवाज ऐकू येतो तेव्हा माणूस थांबून ऐकतो. सिएटलच्या शाळेकडे जे आहे ते मिळवायला आपल्याकडे किती वर्षं गेली! सोडायचा विचार तरी कसा येतो?

कोरा_कागद
परवान्याचं पटलं, ते मागे घेतो. पण मग रोज ठरलेले तास मुलांचे, मोठ्यांनी त्यात हात घालायचा नाही, असं लेखी हवं. श्रोते घटले तरी. उत्तरध्रुव, याला तुम्ही तयार आहात का?

उत्तरध्रुव
संध्याकाळचे दोन तास, हो. सकाळचे नाही, देणगीदार तेव्हाच ऐकतात.

कोरा_कागद
मग सकाळ कोणाची, यावरच आपला वाद आहे.