मदत हवी आहे: रोबो गाडी चालू केली की गाणं तुटतंय

नमस्कार मंडळी, मुलीसोबत ब्लूटूथवर चालणारी रोबो गाडी बनवतोय, गणपतीत ती आरती वाजवत घरभर फिरली पाहिजे असा तिचा हट्ट आहे. आर्डुइनो उनो (कंट्रोलर बोर्ड), एचसी-०५ (ब्लूटूथ मॉड्यूल), एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड), चार पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर) आणि गाण्यांसाठी डीएफप्लेअर मिनी (छोटा एमपी३ प्लेअर) वापरलाय. १८६५० चे (लिथियम-आयन) दोन सेल सिरीजमध्ये म्हणजे ७.४ व्होल्ट, आणि आर्डुइनो, प्लेअर सगळ्यांना ५ व्होल्ट एल२९८एनच्या बोर्डवरूनच दिलेत.

गाडी उभी असताना गाणं एकदम मस्त वाजतं पण फॉरवर्ड दाबलं रे दाबलं की खर्रखर्र, मग प्लेअर रीसेट होतो आणि कधीकधी ब्लूटूथ पण सुटतं. प्लेअरच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला) १ के (१००० ओहम) रेझिस्टर लावलाय, ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून बघितला, थोडाच फरक पडला. मला वाटतं मोटर सुरू होताना करंट खेचतात आणि व्होल्टेज पडतं. मग वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड) लावू का सरळ वेगळी बॅटरी, ग्राउंड कॉमन ठेवून? मोटरच्या टर्मिनलवर १०४ चे (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावून कोणाला फरक जाणवलाय का?

अजून एक, ब्लूटूथ आणि प्लेअरसाठी दोन सॉफ्टवेअर सिरीयल (कोडमधून साध्या पिनवर बनवलेले सिरीयल पोर्ट) वापरले तर एका वेळी एकच ऐकतो, म्हणून एचसी-०५ आर्डुइनोच्या पिन ० आणि १ वर (हार्डवेअर सिरीयलवर, कोड अपलोडही त्यावरूनच होतो) घ्यावं म्हणतोय, कोड अपलोड करताना तेवढ्या वायरी काढीन. चालेल ना? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, पोरगी रोज विचारतेय.