"मी आलो" म्हणणाऱ्या बाईनं पुण्यात काय करायचं?

वडगावची: तीन वर्षं झाली पुण्यात नोकरीला आहे, मूळची बेळगावची. आमच्यात बायका पण "मी आलो, मी जेवलो" असंच म्हणतात, आई, आज्जी सगळ्याच, कधी कुणाला त्यात काय वावगं वाटलं नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात फोनवर "आई, मी पोचलो गं" म्हटलं तर रूममेट हसून हसून लोळली. तवापासनं बोलायच्या आधी प्रत्येक शब्द तपासायलोय. आणि आता गणपतीला घरी गेलो तर दारातच तोंडातनं "मी आले" गेलं, आज्जी म्हणाली, आली बघा पुण्याची बाई! पुण्याला यायच्या आधी सहा महिने बेंगळुरात होतो, तिथं मी मराठी, इथं कानडी. लोकांच्या नजरेनं माणूस एवढा बदलतो काय?

एमएवाला: बदलतो की. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1902 मध्येच मांडलंय, समाज म्हणजे आरसा. समोरच्याला मी कशी दिसते, तो त्यावरनं काय मत करत असेल, आणि मग त्याचा अभिमान नाहीतर लाज. मेख अशी की पहिल्या दोन गोष्टी आपल्याच डोक्यातल्या कल्पना असतात. रूममेट दोन मिनिटांत विसरली असेल, तू तीन वर्षं तपासत बसलीस.

खानापूरकर: कल्पना कसली, ती खरंच हसली की ओ! तुम्ही पुस्तकवाले. माझं सांगतो, 2014 ला 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, अजून बँकेत स्लिप भरताना गावाच्या नावाशी पेन थांबतं. शेजारी कोण उभाय बघून ठरवतो काय लिहायचं ते. मराठी शाळा, कानडी बाजार, दोन्हीकडं चालवून घेतोय झालं.

एमएवाला: आणि शेजारी कुणीच नसलं तर?

खानापूरकर: तरी थांबतंय. खोटं कशाला बोलू.

एमएवाला: हेच तर जॉर्ज हर्बर्ट मीड, तोही अमेरिकन विचारवंत, सांगतो. लहानपणी आई, मास्तर असे एकेक जण, पुढं सगळा समाजच डोक्यात येऊन बसतो आणि आपण त्याच्या बाजूनं स्वतःकडं बघायला लागतो. त्याला माणूस समोर लागत नाही.

वडगावची: माझ्या डोक्यात आज्जी आणि रूममेट दोघी बसल्यात मग, आणि दोघींचं पटत नाही 😄 काल रूममेट दारात चप्पल घालत म्हणाली, "चल, मी निघतो". चेष्टेनं की सवयीनं, मी विचारलं नाही.