रात्री नेट मरतं, लॅपटॉपमध्ये स्पायवेअर असल्याचा संशय, तातडीने मदत हवी

बोरिवली_ईस्ट
रोज रात्री नेट मरतं. कॉलवर माझा आवाज तुटतो, चित्र गोठतं. उद्या रात्री क्लायंटला डेमो द्यायचाय. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे दाबा' असं सारखं येतंय. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. नेटवाला म्हणतो, राउटर बंद करून चालू करा. हे स्पायवेअरच ना? काढायचं कसं? कृपया आजच सांगा.

दादरकर
प्लॅन कितीचा? वायफाय की वायर? फोनवरही स्लो आहे का?

पेंग्विनभक्त
सरळ फॉरमॅट मारा आणि लिनक्स टाका. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हापासून मी उबुंटू या लिनक्सवर आहे, कधी त्रास नाही.

गिरगावकरीण
@पेंग्विनभक्त, उद्या डेमो आहे त्यांचा! आणि फॉरमॅटने नेटचा स्पीड कसा वाढणार? आधी निदान तर करू द्या.

पेंग्विनभक्त
स्पायवेअर असेल तर दुसरा खात्रीचा उपाय सांगा मग.

बोरिवली_ईस्ट
प्लॅन १००चा. मिळतात १२! वायफाय. फोनवरही स्लो. आणि राउटरच्या अ‍ॅपमध्ये दोन अनोळखी उपकरणं दिसताहेत. म्हणजे कुणीतरी घुसलंय, बरोबर?

दादरकर
१२ कुठे दिसतात? डाउनलोडच्या खिडकीत असेल तर ते मेगाबाइट. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, ८ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. मग तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

बोरिवली_ईस्ट
तो दुपारचा आकडा होता. रात्री स्पीड टेस्टला जेमतेम ८-९ येतात.

अंधेरी_लोखंडवाला
मेश सिस्टीम घ्या, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे. आमच्याकडे शेवटच्या बेडरूममध्ये रेंज नव्हती, आता बाथरूममध्येसुद्धा फुल.

गिरगावकरीण
त्यांनी रेंजबद्दल विचारलेलंच नाही.

भांडुपचा_लाइनमन
पूर्वी फायबर जोडणीची कामं केली आहेत, म्हणून लिहितो. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, एकत्र करू नका.

कोपऱ्यातला इशारा बहुतेक ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. एखाद्या साइटला 'अलाऊ' मिळालं की ती असले खोटे इशारे पाठवत राहते, म्हणूनच अँटिव्हायरसला फाइल सापडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी साइट काढा. एक्स्टेन्शनही तपासा. त्या इशाऱ्यावर मात्र दाबू नका, त्यातल्या नंबरवर फोन तर मुळीच नको. खात्रीसाठी विंडोजचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे लपलेलं काही असलं तर सापडायची शक्यता वाढते.

अनोळखी उपकरणांचं म्हणाल तर हल्ली फोन स्वतःचा खरा मॅक पत्ता, म्हणजे राउटरला उपकरण ओळखू येतं तो क्रमांक, दाखवत नाहीत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायला बनावट पत्ता देतात. घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करून यादीतून काय गळतं ते बघा. तरीही एखादं उरलं तर वायफायचा आणि राउटरच्या अ‍ॅडमिनचा, दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा.

आता स्पीड. स्पायवेअर घड्याळ बघून रात्रीच नेट खात नाही. आज रात्री बाकी सगळं वायफायवरून काढा, लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि टेस्ट करा. ९०च्या पुढे आकडा आला तर गडबड तुमच्या वायफायची, २.४ गिगाहर्ट्झवर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी असते, ५ वर जा. तरीही ८-९च आले तर लाइन पुढे कुठेतरी तुंबलीय, तुमचा लॅपटॉप निर्दोष.

मालाडकर
लाइनमन, आमच्याकडे पाऊस पडला की नेट जातं. गच्चीवरून वायरी लोंबतात, सोसायटी म्हणते केबलवाला बघेल, केबलवाला म्हणतो सोसायटी.

भांडुपचा_लाइनमन
फायबर म्हणजे काचेची तार, तिला पावसाने सहसा काही होत नाही. गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरून जोड आणि स्विच खराब होतात. डबा बदलायला लावा.

पेंग्विनभक्त
ऑफलाइन स्कॅनवर माझा तरी भरवसा नाही.

बोरिवली_ईस्ट
इशारे थांबले! एका क्रिकेट स्कोअरच्या साइटला परवानगी होती. स्कॅन स्वच्छ. अनोळखी दोन्ही उपकरणं आईचा फोन आणि टीव्ही निघाली. पण रात्री केबलवरही ९च. आता नेटवाल्याला काय सांगू?

भांडुपचा_लाइनमन
केबलवरच्या टेस्टचे दुपारचे आणि रात्रीचे स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. नुसता फोन धरू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांत तशी सोय आहे. राउटरशेजारच्या डब्यावर 'लॉस' (LOS, म्हणजे सिग्नल येत नाही) नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तेही लिहा, मग फायबरच तपासावी लागेल.

बोरिवली_ईस्ट
लाल दिवा नाही. डॉकेट मिळाला. डेमो फोनच्या हॉटस्पॉटवर करतोय. मनापासून आभार.

दहिसरकर
कुठली कंपनी तेवढं व्यनि (खासगी निरोप) करा, आम्ही पुढच्या आठवड्यात नवीन कनेक्शन घेतोय.