पिंजऱ्यात वाढवलेला चित्ता माळावर जगेल का?

संभाजीनगरकर : परवा लेकीला घेऊन सिद्धार्थ उद्यानात गेलो होतो. पांढऱ्या वाघासमोर उभी राहून तिनं विचारलं, "बाबा, इथं चित्ता का नाही?" मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानासाठी २०२२ ला नामिबियातून ८ चित्ते आणले, २०२३ ला दक्षिण आफ्रिकेतून १२. जगात मोकळे चित्ते जेमतेम ७ हजार. दर वेळी तिकडून उचलून आणण्यापेक्षा आपल्याच प्राणिसंग्रहालयांत पैदास करून का सोडू नयेत? वाघाची पिल्लं तर इथं होतातच.

गोदाकाठ : वाघाचं गणित चित्त्याला लागू पडत नाही, दादा. अकबराकडे हजारभर चित्ते होते, खटपट करूनही पिल्लं झाली नाहीत, असं जहांगीरानं लिहून ठेवलंय. त्याच्या काळात एकदाच झाली. त्यानंतरची नोंद थेट १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयाची! मादी एकटी फिरणारी. नर सतत डोळ्यांसमोर असला की तिला त्याची ओढच राहत नाही.

देवणीवाला, उदगीर : ते कोडं सुटलंय आता. दक्षिण आफ्रिकेत डी वाइल्ड्टच्या चित्ता पैदास केंद्रात १९७१ पासून नर-मादी वेगळे ठेवून शेकडो पिल्लं झाली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयात टेस्ट ट्यूबची दोन जन्मली, तीही दुसऱ्या मादीच्या पोटी. आम्ही देवणीचे वळू राखले म्हणून जात टिकली. बियाणं घरात असावं लागतं.

गोदाकाठ : देवणीला शिकार करायची नसते. चित्त्याचं पिल्लू दीड वर्ष आईमागे फिरतं, तेव्हा कुठं हरिण पाडायला शिकतं. बाटलीवर वाढलेल्याला हे कोण शिकवणार? इराणमधलं पिरूज नावाचं चित्त्याचं पिल्लू आठवा. आईनं जवळ घेतलं नाही, माणसांनी जीव लावला, तरी १० महिन्यांत गेलं. शिवाय सगळे चित्ते रक्तानं इतके जवळचे, की एकाचं कातडं दुसऱ्याला लावलं तरी शरीर झिडकारत नाही. १९८२ ला अमेरिकेत ओरेगॉनच्या एका प्राणी उद्यानात विषाणू शिरला आणि निम्म्याच्या आसपास चित्ते मेले. लम्पीत तुमच्या गोठ्यातली एखादी तरी गाय तगली असेल. इथं तशी आशा कमी.

बीडची लेक : पिल्लं झाली, शिकलीही, असं धरू. सोडणार कुठं? आमच्या शिवारात अजून काळवीट आहेत, सकाळी ज्वारीच्या कडेला कळप दिसतो. पण त्यांचं गायरान दरवर्षी आक्रसतंय. कुसळीचं गवत होतं तिथं खड्डे खणून रोपं लावली, कारण कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. झाडं दाटली की काळवीट थांबत नाही. त्याच्याशिवाय चित्ता खाणार काय? शेळ्या? मग गावकरी त्याला राहू देतील?

संभाजीनगरकर : ताई, हे मला सुचलंच नव्हतं. तरी पैदास बंद करा, असं मी म्हणणार नाही. रानातले संपले तर मागं काय राहील? पण आधी तुमचा तो माळ बघायचाय. रविवारी लेकीला घेऊन येऊ का? सकाळी किती वाजता पोचलो तर कळप दिसेल?