'रेगेंट' म्हणजे राज्यप्रतिनिधी? अ‍ॅमस्टरडॅमच्या कारभाऱ्यांसाठी मराठी शब्द

प्रश्न : सतराव्या शतकातल्या अ‍ॅमस्टरडॅमवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. शहर चालवणाऱ्या श्रीमंत व्यापारी घराण्यांना त्यात 'रेगेंट' म्हटलं आहे. कोशात 'राज्यप्रतिनिधी' सापडतो, पण वाक्यात बसत नाही. राजाच नाही, मग प्रतिनिधी कुणाचा? 'नगरशेठ' चालेल का? की 'उमराव'?

उत्तर : शंका रास्त आहे. 'राज्यप्रतिनिधी' हा त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ झाला. राजा अज्ञान असताना त्याच्या नावाने जो राज्य चालवतो, तो. आपल्याकडे सवाई माधवराव पाळण्यात असताना बारभाईंनी केलं ते हेच. डच भाषेत 'रेगेरेन' म्हणजे कारभार हाकणं, आणि हाकणारा तो रेगेंट. कुणाच्या वतीने, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही.

'उमराव' तर मुळीच नको. ही मंडळी जन्माने सरदार नव्हती. रेम्ब्रांटच्या १६४२च्या 'रात्रीचा पहारा' या चित्रात मधोमध काळ्या पोशाखातला कप्तान आहे ना, तो फ्रान्स बानिंक कॉक. त्याचे वडील जर्मनीतल्या ब्रेमेनहून आलेले औषधविक्रेते. मुलगा कायदा शिकला, फोल्कर्ट ओव्हरलांडर या बुर्गेमेस्टरचा, म्हणजे नगरप्रमुखाचा, जावई झाला आणि १६५० मध्ये स्वतः बुर्गेमेस्टर झाला. रेगेंट वर्गात शिरायची वाट अशी होती. आधी पैसा, मग सोयरीक, मग पद.

शहराची सूत्रं कुणाकडे होती तेही पाहू, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरसभेत ३६ जण असत. एकदा बसले की तहहयात. जागा रिकामी झाली की उरलेलेच नवा माणूस निवडत. रहिवाशांना कुणी विचारत नसे. या सभेचं नाव 'व्रूडस्खाप'. त्यातल्या 'व्रूड'चा अर्थ शहाणा, समजूतदार. डचमध्ये सुईणीलाही 'व्रूडव्राउ' म्हणतात, म्हणजे जाणती बाई. म्हणून व्रूडस्खापसाठी 'नगरपरिषद' असा कोरडा शब्द लिहिण्यापेक्षा 'जाणत्यांची सभा' लिहावं असं मला मनापासून वाटतं. 'गावातली चार जाणती माणसं' हे आपल्या तोंडात आहेच.

खरी सत्ता मात्र चार बुर्गेमेस्टरांकडे. दर वर्षी १ फेब्रुवारीला आजी-माजी बुर्गेमेस्टर आणि न्यायदान करणारे 'स्खेपेन' मिळून तीन नवे निवडत, आणि आदल्या वर्षाच्यांपैकी एक मागे राही. म्हणजे कारभार त्याच वर्तुळात फिरत राही. बिकर, द ग्राफ, हूफ्ट, पाउ ही नावं पुन्हा पुन्हा येतात ती त्यामुळेच. हॉलंडचा मुख्य कारभार पाहणाऱ्या योहान द विटने १६५५ मध्ये लग्न केलं तेही वेंडेला बिकरशी.

दुसरं मत : मग 'शेटे-महाजन' का नाही? पेठेचा कारभार पाहणारे, व्यापारीही आणि मानकरीही. शब्द अस्सल मराठी आहे, जुन्या कागदांतला आहे.

त्यावर : मोह मलाही झाला होता. पण शेटेपण आणि महाजनकी ही वतनं होती. वरून सनद यायची आणि बापाकडून मुलाकडे हक्काने जायची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कागदोपत्री कसलाच वारसाहक्क नव्हता, प्रत्यक्षात मात्र तेच चालायचं. अठराव्या शतकात तर कोणतं पद कुणाच्या घरी कधी जाणार याचे लेखी करार हे लोक आपसात करत. त्यांना 'कोरेस्पोंडेन्सीचे करार' म्हणत. वतन असतं तर असे करार करायची गरजच पडली नसती. 'नगरशेठ'चीही तीच अडचण. नगरशेठ व्यापाऱ्यांच्या वतीने सत्तेपुढे गाऱ्हाणं मांडतो. इथे गाऱ्हाणं ऐकणारे तेच होते.

शिवाय सगळे व्यापारीही राहिले नाहीत. १५७८ मध्ये जुन्या कॅथलिक कारभाऱ्यांना होडीत बसवून शहराबाहेर घालवलं आणि नवी मंडळी आली, ती धान्य, मासे, लाकूड यांच्या व्यापारातली. त्यांची नातवंडं जमिनी, घरं आणि कर्जरोख्यांच्या व्याजावर जगू लागली. कोर्नेलिस द ग्राफ तर झाउड-पोल्सब्रूक गावाचा जहागीरदार म्हणवत असे. 'शेठ' म्हटलं की दुकान, गादी, वखार डोळ्यांसमोर येते. १६०० सालच्या माणसाला ते शोभेल, १७०० सालच्याला नाही.

माझं मत 'कारभारी'. खटकेल एकच गोष्ट : आपला कारभारी कुणाचा तरी असतो, त्याच्यावर धनी असतो. रेगेंटवर तसा धनी नव्हता. ते एका वाक्यात सांगून टाकावं. पण या शब्दाचा मोठा फायदा असा की डचमध्ये अनाथालय, कुष्ठालय, वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनाही रेगेंटच म्हणत, आणि मराठीत 'संस्थेचे कारभारी' सहज बसतं. फर्डिनांड बोलचं १६४९ सालचं एक चित्र आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या कुष्ठालयाच्या रेगेंटांचं. काळ्या कपड्यांतले, पांढऱ्या कॉलरचे कारभारी टेबलाशी बसलेत, आणि डोक्यावर फोड आलेला एक पोरगा त्यांच्यापुढे आणून उभा केलाय. त्याला आत घ्यायचं की नाही हे ते ठरवणार. मला रेगेंट हा शब्द त्या पोराकडे बघून कळला. शहराची तिजोरी आणि त्या पोराचं अंथरूण, दोन्ही एकाच वर्गाच्या हातात.

वलंदेजांबद्दल, म्हणजे डचांबद्दल, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, हेही सांगायला हवं. १६३७ पासून वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारांत वलंदेजांचं नाव आहे, आणि हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांचे मालक राज्य करतात, असं बजावलंही आहे. वेंगुर्ल्याच्या वखारवाल्यांचे मालक म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीचे सतरा संचालक. त्यातले आठ अ‍ॅमस्टरडॅमचे. तिथले कंपनीचे संचालक आणि शहराचे रेगेंट बऱ्याचदा त्याच घराण्यांतले असत.

प्रश्न : 'कारभारी' पटला. मग बाईला 'कारभारीण' लिहू? लेखात स्त्रियाही आहेत.

उत्तर : नको. आपल्याकडे 'कारभारीण' म्हटलं की कारभाऱ्याची बायको. फ्रान्स हाल्सने १६६४ मध्ये हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या ज्या बायका रंगवल्या, त्या स्वतः त्या पदावर होत्या, नवऱ्यामुळे मिळालेलं ते नाव नव्हतं. 'स्त्री-कारभारी' लिहा. आणि पहिल्या उल्लेखात 'रेगेंट, म्हणजे शहराचे धनी नसलेले कारभारी' असं नको. त्यातून शहर दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतं. 'रेगेंट, म्हणजे ज्यांच्यावर धनी नाही असे शहराचे कारभारी' असं लिहा. पुढे नुसतं 'कारभारी' पुरेल.