पावसातली सिगार

जुलैत पणजीला ओढलेली क्युबन सिगार कडू लागली, एकाच बाजूने जळत गेली, म्हणजे ती नकलीच, असं तुम्ही म्हणता. मला नाही तसं वाटत. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे पावसात हवा ८५-९०च्या घरात. पान ओल धरतं, फुगतं, धूर नीट येत नाही. मग आपण जोर लावतो, निखारा तापतो आणि कडवटपणा उतरतो.

म्हापशाला माझ्या घरी अशाच फुगलेल्या सिगारी होत्या, बोटांना ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागायच्या. हवाबंद डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्या घालून त्या महिनाभर ठेवल्या. नंतर दाबलं की किंचित दबून पुन्हा वर यायच्या. चवही पालटली: आधी भाजलेल्या काजूची, मध्यावर कोको, शेवटी काळी मिरी.

आणि हो, वरचं पान काळं म्हणजे सिगार कडक, हे खरं नव्हे. कडकपणा मुख्यतः आतल्या पानांचा, त्यातही झाडाच्या शेंड्याकडच्या, लिहेरो म्हणतात त्या पानांचा. मिनिटाला एकच झुरका घ्या, धूर गिळू नका, थोडासा नाकावाटे सोडा. पहिल्या एक तृतीयांश भागावर निकाल देऊ नका. उरलेल्या असतील तर फेकू नका, आधी तशाच डब्यात सुकू द्या.